आधी कोट, मग पेरणी

गुरुवारची सकाळ होती. अदोयो आणि तिची सून लॅव्हेंडर अंगणातल्या जाळ्यांवर पसरलेली ओमेना हातानं वरखाली करत होत्या. करंगळीएवढी ती मासळी. ऊन लागलं की घटकाभरात कडक वाळते, आणि नजर चुकली की कोंबड्या फडशा पाडतात.

"आई, ती तांबडी बघा कशी टपून बसलीय," लॅव्हेंडर म्हणाली. "तिला सांगा, सहा महिन्यांनी माझ्या बाळंतपणात तुझाच रस्सा होणार आहे."

"म्हणजे माझी मासळी कोंबडीच्या पोटात आणि माझी कोंबडी तुझ्या पोटात? बरी सोय लावलीस गं!"

दोघी हसल्या. पण ते हसू अंगणातल्या थडग्यापर्यंत गेलं आणि तिथंच विरलं.

अदोयोच्या नवऱ्याची, डाल्मासची नाव उलटून अकरा महिने झाले होते. सरोवरानं तिसऱ्या दिवशी त्याला परत दिलं, आणि भाऊबंदांनी रीतीप्रमाणे घराच्या उजव्या हाताला त्याला पुरलं. तेव्हापासून अदोयोला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं कमी झाली. आमच्याकडे विधवेला थडग्याची बायको म्हणतात. तिनं दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, दुसऱ्याच्या बियाण्याला हात लावायचा नाही. तिच्या अंगावर मरणाची सावली असते. नवऱ्याच्या भाऊबंदांपैकी एखाद्या पुरुषानं तिच्या अंथरुणावर रात्र काढल्याशिवाय ती उतरत नाही, असं आमची शहाणीसुरती माणसंसुद्धा मानतात. सावली उतरेपर्यंत तिनं पेरायचं नाही, आणि घरच्या थोरल्या बाईनं पहिली मूठ पेरल्याशिवाय मुलाला त्याच्या वावरात दाणा टाकता येत नाही. रीत मोडली की शाप लागतो. माणूस झिजत झिजत मरतं, तान्ही मुलं आधी मरतात.

मार्च अर्धा सरला होता. सगळ्यांच्या वावरांत माणसं वाकलेली दिसत होती. ओचोला, अदोयोचा मुलगा, कुदळ खांद्यावर टाकून नुसता बांधावर बसून असायचा.

तेवढ्यात भावकीतले सर्वांत थोर ओबोंडो आबा आले. हातावर एक काळा कोट घडी करून घेतला होता.

"बसा आबा. चहा ठेवते."

"चहा नको. तुझ्या घरात खिळा कुठं आहे?"

उत्तराची वाट न बघता ते आत शिरले. डाल्मासचा सदरा ज्या खिळ्याला असायचा त्याच खिळ्याला त्यांनी कोट अडकवला आणि हात झटकत बाहेर आले.

"ओगुटूचा आहे, भावकीतल्या तुझ्या दिराचा. आधी कोट, मग माणूस, हीच रीत. रविवारी दिवेलागणीला कोटामागून तो येईल. सोमवारी तू पहिली मूठ टाक, मग तुझा मुलगा टाकेल. झालं! गावाचा घोर मिटला."

अदोयोनं मासळीचे हात पदराला पुसले. तिनं बोलायचं ठरवलेलंच होतं.

"आबा, आधी भावजींना दवाखान्यात पाठवा. रक्त तपासून येऊ दे. मी माझं तपासलंय, कार्ड दाखवते. त्यांचं कार्ड आलं की पुढचं बोलू."

आबा खो-खो हसले. "नवरदेवाचं रक्त तपासायचं? उद्या बोकड कापताना त्याचाही दाखला मागशील!"

"बोकडापासून मला एच.आय.व्ही. होत नाही, आबा."

हसू थांबलं. "तो आजार शहरातल्यांचा. ओगुटूला तो झालेला नाही. रीत मोडणाऱ्या बायकांनी त्याला झिजवलंय." आणि जाता जाता त्यांनी समोरच्या घराकडे बोट केलं. "तिच्यासारखं करू नकोस."

ते घर रोझलिनचं. अदोयोची थोरली जाऊ. मेलेल्या बाईचं घर आम्ही पाडत नाही, त्याचं ते पडेपर्यंत तसंच ठेवतो. छप्पर मध्यभागी बसलं होतं आणि दार अर्धं उघडं होतं.

सहा वर्षांपूर्वी रोझलिन विधवा झाली तेव्हा हाच कोट तिच्या घरात टांगला गेला होता. तेव्हा ओगुटू अंगानं असा भरलेला होता की कोटाची बटणं पोटावर ताणली जायची. त्याच्या थोडंच आधी रोझलिनच्या बाळंतपणात दवाखान्यानं तिचं रक्त तपासलं होतं, ते स्वच्छ होतं. कोट टांगल्यावर वर्षाच्या आत ती वाळायला लागली. दवाखान्यानं गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत तिचे गाल भरून आले, ती पुन्हा डोक्यावर पाट्या घेऊन किनाऱ्याला जायला लागली. मग गोळ्यांची डबी कुणीतरी पाहिली. हा शापच, गोळ्यांनी शाप चिडतो, असं बोललं गेलं. झाडपाल्याचा कडू काढा सुरू झाला आणि गोळ्या बंद. पुढच्या पेरणीला रोझलिन नव्हती. तिच्यामागून ओगुटूची स्वतःची बायको नेरेआ तशीच गेली. गावानं दोघींच्या थडग्यांवर एकच शब्द उच्चारला, शाप.

अदोयोच्या घरात आता तो कोट होता. वाऱ्यानं त्याची एक बाही हलायची. ती स्वयंपाकाच्या खोपटात निजायला लागली. चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली हलवतानाही तिची पाठ त्या खिळ्याकडे होत नसे.

शुक्रवारी ओचोला आला. उगालीचा गोळा नुसता बोटांत फिरवत बसला.

"आई, सगळ्यांचं पेरून होत आलंय."

"दिसतंय मला."

"मी तुझ्या आधी पेरलं आणि बाळाला काही झालं तर..."

"आणि मी भावजींना आत घेतलं आणि मला काही झालं तर?" अदोयोनं विचारलं. "तुला काय वाटतं ते सांग, ओचोला. बापासारखा खरं बोल."

मुलानं उगालीचा गोळा ताटात ठेवला. "मला भीती वाटते."

"कशाची?"

"दोन्हीची."

शनिवारी दुपारी सासू आली. पेनिना. रोझलिनच्या घरावरून जाताना ती नेहमी खाकरायची, आत माणूस बसलंय आणि आपण येतोय हे कळवावं तसं. त्या दिवशीही खाकरली. आत येऊन तिनं खिळ्याकडे मान वर केली.

"हाच का?"

"हाच, आई."

"समजावून सांग म्हणून आबांनी पाठवलंय मला." अदोयोनं चहाचा कप पुढं केला. पेनिनानं तो हातात घेतला, तसाच खाली ठेवला, आणि काही न समजावता निघून गेली.

रविवार उजाडला. पेरणीच्या हंगामातला आमचा रविवार म्हणजे गाण्याचा सोहळा. घराघरांतून टोपलीभर बियाणं प्रार्थनाघरात येतं, पांढरे झगे घातलेल्या बायका टाळ्यांचा ठेका धरतात, ढोल घुमतो, आणि हबिल गुरुजी उपदेश सांगत नाहीत, तो गातात. काय तो गळा! थकलेल्या माणसाच्या पाठीवरून देवानं हात फिरवावा तसा. गुरुजी एक ओळ टाकतात, सगळी सभा तीच ओळ उचलते. आणि सभेतल्या कुणाच्याही मनात काही दाटलं तर त्यानं उभं राहून आपली ओळ टाकायची. सभेनं तीही उचलायची. देवापुढं एकाला एकटं गाऊ द्यायचं नाही, असा आमचा नेम.

अदोयोची टोपली बायकांनी इतरांपासून हातभर दूर ठेवली होती. आबा पुढच्या बाकावर होते. ओगुटू भिंतीला टेकून बसला होता, गळ्याची हाडं वर आलेली.

गुरुजींनी सूर धरला, "दाणा कुणाचा?"

"दाणा कुणाचा?" सभेनं उचललं.

"दाणा देवाचा!"

"दाणा देवाचा!"

ढोल चढत गेला. आणि मधेच पेनिना उभी राहिली. तिचा आवाज फाटका, पण तालात होता.

"दार कुणी लावलं?"

सभेनं सवयीनं उचललं, "दार कुणी लावलं?"

"दार मी लावलं!"

"दार मी लावलं!" दोनशे गळे गायले.

"आत रोझलिन रडली!"

"आत रोझलिन रडली!" आता काही आवाज गळले.

"कडी मी धरली!"

"कडी मी धरली..."

"गोळ्या मी फेकल्या! सरोवरात फेकल्या!"

ढोलवाल्याचा हात वर होता, तो वरच राहिला. पण नेम तो नेम, मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका डोळे मिटून गात होत्या, "गोळ्या मी फेकल्या..." आणि गाता गाता त्यांतल्या एकीला कळलं की आपण काय कबूल करतोय. तिनं झग्यात तोंड लपवलं. त्या सभेत अशी किती दारं बाहेरून धरली गेली होती, ते ज्याचं त्याला माहीत.

"म्हातारीला बसवा!" ओबोंडो आबा ओरडले. "वय झालंय, भ्रमिष्ट झालीय!"

हबिल गुरुजींचे डोळे वाहत होते. ते न गाता, साध्या आवाजात म्हणाले, "पद चालू आहे, आबा. मधे उठायचं नसतं."

पेनिना आता गात नव्हती. "पोरीचे गाल भरले होते," ती म्हणाली. "जगत होती ती. शाप उतरावा म्हणून तिची डबी मी पाण्यात फेकली. शाप असता तर गोळीनं तिला उतार कसा पडला? चार-पाच वर्षं मी हे विचारतेय. तिच्या दारावरून जाताना रोज विचारते. ती उत्तर देत नाही. तुमच्यापैकी कुणी देईल?"

जेव्हा सगळ्यांची नजर भिंतीकडे वळली तेव्हा ओगुटू तिथं नव्हता.

उन्हं कलायच्या आत अदोयोनं खिळ्यावरचा कोट काढला, घडी केली आणि आबांच्या अंगणात जाऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आबा, तुमचा उंबरा मी ओलांडत नाही. कोट तेवढा घ्या. आज संध्याकाळी माझ्या घरी कुणी यायचं नाही. उद्या मी पेरणार."

आबांनी कोट घेतला नाही. तिनं तो पायरीवर ठेवला. "नीट ऐक, थडग्याचे बायको. यापुढं गावात जे माणूस झिजेल, जे बाळ दगावेल, ते तुझ्या नावावर. तुझ्या सुनेचंसुद्धा."

सुनेचं नाव निघाल्यावर अदोयो मागं फिरली. हे खोटं आहे हे तिला कळत होतं. पण ज्या हवेत माणूस वाढलं ती हवा छातीतून एका दिवसात जात नाही. घरी आल्यावर तिला डाल्मासच्या थडग्याकडे बघवलं नाही.

सोमवारी सकाळी ती वावरात उतरली तेव्हा पेनिना आधीच तिथं होती. अदोयोनं खड्डा पाडला, मक्याचे तीन दाणे टाकले, पायानं माती ओढली. बांधाबांधांवर लोक उभे होते. कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते नुसते बघत होते, प्रेताकडे बघावं तसे. दुसरा खड्डा. तिसरा. एक ओळ पुरी झाली, तशी लॅव्हेंडर आपल्या वावराकडे निघाली. ओचोलानं तिचं मनगट धरलं.

"थांब. अजून एकदा विचार कर."

"तीन महिने विचारच करतेय. भीती मलाही वाटते, पण भीती खाऊन बाळ वाढणार आहे का? खड्डे तू पाड, दाणे मी टाकते."

ओचोलानं कुदळ उचलली. पहिला घाव वाकडा बसला.

गुरुवारी दुपारी ओगुटू बांधावर आला. उन्हातही अंगावर गोधडी होती.

"वहिनी."

अदोयोनं मान वर केली नाही.

"त्या दोघी येतात," तो म्हणाला. "रोझलिन पायाशी बसते. नेरेआ दारात उभी असते. बोलत काही नाहीत. नुसत्या बघतात. मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"माझ्या रक्तातलं. मजुरीला गेलो होतो तेव्हा तपासलं होतं. गोळ्याही दिल्या होत्या त्यांनी. मी घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर कुणीतरी बघितलं असतं. मग भावकीत मला पुरुष कोण म्हणणार?"

"रोझलिनच्या आधी की नंतर?"

ओगुटूनं खाली बघितलं. "आधी."

हातातली कुदळ त्याच्या डोक्यात घालावी, असं अदोयोला क्षणभर वाटलं, हे लपवून उपयोग नाही. तिनं कुदळ जमिनीत मारली. पुन्हा मारली. दम लागेपर्यंत मारत राहिली.

मग म्हणाली, "दवाखाना मंगळवारी आणि शुक्रवारी उघडतो. उद्या शुक्रवार आहे."

"आता जाऊन काय उपयोग?"

"तिथं गेल्याशिवाय कसं कळणार? रोझलिनला तीन महिन्यांत उतार पडला होता."

"लोक बघतील."

"बघू देत!" हे पेनिना म्हणाली. ती मागं उभी राहून सगळं ऐकत होती, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी तुला क्षमा केली असं समजू नकोस, ओगुटू. ती माझ्याजवळ नाही. मला स्वतःसाठीसुद्धा ती सापडलेली नाही. पण उद्या मी तुझ्याबरोबर येणार, आणि डबी माझ्या हातात घेणार. रोज सकाळी तू माझ्यासमोर गोळी गिळायचीस. गावानं विचारलं काय करतेस, तर मी मोठ्यानं सांगेन."

शुक्रवारी सकाळी म्हातारी पुढं आणि गोधडीतला पुरुष मागं, असे ते दोघं किनाऱ्याच्या रस्त्यानं दवाखान्याकडे चालत गेले. दोन्ही बाजूंच्या वावरांत माणसं काम थांबवून उभी राहिली. त्यांतल्या किती जणांच्या रक्तात काय होतं, कुणाच्या हातून कुणाचं दार बाहेरून लागलं होतं, देव जाणे. एकानंही हाक मारली नाही, आणि एकही पाऊल त्यांच्यामागं रस्त्यावर आलं नाही.

तुम्ही आम्ही त्या वेळी कुठल्या वावरात उभे होतो, एवढंच ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.