कावळ्याला दिलेला शब्द

तापल्या तव्याला हात लागला तरी माझी नंदी रडली नाही. सहा वर्षांची पोर, तळहाताला टरारून फोड आला, आणि ती ओठ आवळून नुसती माझ्याकडे बघत राहिली. "किती गुणाची हाय बघ," सासूबाई म्हणाल्या. गुणाची! मी तिचा हात गार पाण्यात धरला.

तिचे पप्पा तामलवाडीच्या फाट्यावर मोटारसायकलवरून पडले ते गेलेच. त्यांच्या दहाव्यापासून नंदी रडली नाही आणि बोललीही नाही. घरात त्याचं सगळ्यांना कौतुक. हट्ट नाही, कटकट नाही, अशी पोर कुणाला नको? मी मात्र तिच्यासमोर हसायचे आणि गोठ्यात जाऊन रडायचे. पोरीसमोर डोळ्यात पाणी आणायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

ती बोलावी म्हणून अंगारा झाला, दृष्ट काढून झाली, देवीला नवस बोलून झाला. शेवटी कुणाला न सांगता तिला घेऊन एसटीनं धाराशिवचा दवाखाना गाठला. लहान मुलांच्या मनाचं बघणाऱ्या बाई आठवड्यातून एकदाच येतात, हे तिथं गेल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला भेटल्या. त्यांनी नंदीला खडू दिले. तिनं कागदभर नुसते कावळे काढले.

"ताई, दहाव्याला काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

मला सगळं डोळ्यांपुढं दिसलं, तसं मी सांगत गेले. ओढ्याकाठी पिंड ठेवलेला, ऊन चढलेलं आणि कावळा काही शिवेना. सासरे म्हणाले, शेत सांभाळतो. मी म्हणाले, पोरीला शिकवते. कावळा फांदीवरच. मग माझ्या दिरानं, रणधीर भावजींनी, नंदीला पुढं केलं. "म्हण, पप्पा, मी रडणार न्हाय. आईला तरास देणार न्हाय." नंदी म्हणाली आणि कावळा झेपावला. सगळ्यांनी हात जोडले. माझाही जीव भांड्यात पडला.

बाईंनी कावळ्यांचा कागद माझ्यापुढं सरकवला. "तोंड उघडलं की रडू फुटेल, म्हणून ती बोलत नाही. आपण रडलो तर पप्पांचं वाईट होईल, असं तिला वाटतंय. ज्यांनी शब्द द्यायला लावला त्यांनीच सांगायला हवं, रडलं तरी चालतं म्हणून. सगळ्या घराला घेऊन या. आणि तुम्ही तिच्यापासून लपून रडू नका."

घरी सांगितलं तर भावजी उसळले. "पोर काय येडी हाय का, समद्या घरानं दवाखान्यात जायला? अन् शब्द मोडला तर दादाला मुक्ती कशी मिळायची, वैनी?" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि नंदी बघतेय हे ध्यानात येताच झटकन खाली सोडला. सासरे उठून शेताकडं निघून गेले. अशा माणसांपुढं काय डोकं फोडायचं!

दुसऱ्या दिवशी मी दहीभाताचा गोळा केला आणि नंदीला घेऊन त्याच ओढ्यावर गेले.

"अहो, तुमीच पोरीला मोकळं करा. तिला रडू द्या. ऐकू आलं असंल तर शिवा," मी हात जोडून म्हणाले.

कावळा बाभळीवर होता. मान वाकडी करून बघत होता, पण उतरेना. मी विनवलं, पदर पसरला, शेवटी शिव्याही घातल्या. ऊन डोक्यावर आलं तरी भात तसाच.

माझा धीर सुटला. बाईंनी सांगितलं होतं म्हणून नव्हे, राहवलंच नाही म्हणून, मी मातीत बसकण मारली आणि नंदीसमोर पहिल्यांदा हंबरडा फोडला.

तिनं भाजलेला हात माझ्या तोंडावर दाबला आणि इतक्या दिवसांनी बोलली.

"आई, तू बी म्हण की. मी रडणार न्हाय, म्हण. मग कावळा शिवतो."

हे ऐकायला का मी देवीला नवस बोलले होते? मी मान हलवली. म्हणणार नाही. रडू तर थांबतच नव्हतं. कावळा उडाला.

नंदी घाबरून त्याच्यामागं धावली. दोन्ही हात जोडून वर बघत ओरडली, "पप्पा, जाऊ नगा! आईचं मनावर घिऊ नगा. मी रडत न्हाय. बघा की, मी न्हाय रडत!"