दिवसाउजेडी

"पाणी किती पिता, बाई?" वाशिमच्या डॉक्टरनं विचारलं.

सोजरबाई कुशीवर हात दाबून उभीच होती. बसलं की कळ उठायची, उभं राहिलं की कमरेतून जांघेत उतरायची.

"तहान लागली का पेतो."

"खोटं. पिणाऱ्याची लघवी अशी चहासारखी नसते." डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडे धरला. "हा मुतखडा. नळीत अडकलाय. या गोळ्यांनी नळी सैल पडेल, पण खडा ढकलायला वरून पाणी पाहिजे. तांब्यावर तांब्या प्या. लघवी फडक्यातून गाळा. सोमवारपर्यंत पडला नाही, तर अकोल्याला जाऊन कापून काढावा लागेल."

कापून काढायचं ऐकून सोजरबाई एसटीत वाटभर नुसती चुळबुळत आली. जाऊबाई अकोल्याला अशीच गेली होती. तिचं लुगडं तेवढं परत आलं.

गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. पाणी मात्र घोटभर, गोळी उतरण्यापुरतं.

ती शाळेत शिपाईण. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे. गावातल्या बायांची परसाकडची जागा, गोदरी, नाल्याकाठी, आणि तिथं जायचं ते तांबडं फुटायच्या आत, नाही तर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात बाईला मूत येतच नाही, असं गावानं ठरवून टाकलेलं. पुरुष कोणत्याही बाभळीशी उभा राहतो, देवळाची भिंतही सोडत नाही. बाईनं तहान मारायची. सोजरच्या आईनं तिला भाकर थापायच्या आधी हेच शिकवलं होतं.

शेजारची लिलाबाई कुळथाचं कढण घेऊन आली. "पे ना वो, गंजभर आणलं."

"अन् दुपारी कुठी जाऊ? तुह्या डोक्शावर?"

"मेल्यावर जाजो मंग. तवा कोणी पाहत नाही."

शनिवारी सकाळच्या शाळेत कळ अशी आली, की सोजरबाई ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागली. पोरं पाढे विसरून पाहत राहिली. शाळेमागे संडास होता. सरकारनं बांधलेला, चुना मारलेला, पत्र्याच्या दाराचा. कुलूप फक्त तपासणीला साहेब आले की निघायचं. ती हेडमास्तर दौलतरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, संडासाची चाबी द्या."

"कायले?"

"मुतायले."

दौलतरावांनी मान फिरवली. कुलपाची लाज वाटली नव्हती, या शब्दाची वाटली. "सायबासाठी हाय तो. आज तू जाशीन, उद्या पोरी जातीन. मंग सायेब आल्यावर त्याले कुठी पाठवू?"

"नाल्यावर. आमी जातो तसं."

"पन्नाशीले आली, जिभीले हाड नाही तुह्या. घरी जाय."

ती घरी गेली नाही. रांजणाशी गेली. सगळ्या वर्गांच्या देखत तांब्या बुडवला, गोळी तोंडात टाकली आणि प्याली. दुसरा प्याली. तिसरा नरड्याशी अडला, तोही ढकलला. आता माघार नव्हती.

मग ती पुन्हा चालत सुटली. ओसरी, पटांगण, परत ओसरी. पोट तट्ट फुगलं, घाम कानामागून ओघळला. झाडं लावायच्या खड्ड्यापाशी पहार पडली होती. ती तिनं उचलली आणि संडासाच्या कुलपात घातली. दोन हिसक्यांत कडी कोयंड्यासकट निखळली.

आत शिरून तिनं दार लोटलं, त्याला पाठ लावून बसली, कमरेला खोचलेलं फडकं धरलं. आधी थेंब, मग आग. तिनं पदराचा बोळा दातांत धरला. मग एकदम बांध फुटावा तसं झालं, आणि फडक्यात जोंधळ्याच्या कणीएवढं काहीतरी काळं, टोकदार राहिलं.

बाहेर दौलतराव पत्रा बडवत होते. "सोजर, निंग बाहेर. नोकरी जाईन तुही."

"थांबा जरासे," ती आतून म्हणाली.

अजून पाणी बाकी होतं. भर उन्हाचा दिवस होता. ती परत बसली, आणि तिनं घाई केली नाही.