इवल्या टाचेची ओढ

मी शुगरचं मशीन बोलतोय. खोक्यावर माझं नाव ग्लुकोमीटर आहे, पण मार्गासनीत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. भोरच्या औषधांच्या दुकानात मी काचेमागे पडून होतो. आपल्या नशिबी कुणा पेन्शनर काकांचं बोट येणार, असं मी धरूनच चाललो होतो. मिळाली ती जांभळाएवढी टाच!

गोरखने मला सासुरवाडीला, मार्गासनी गावात आणलं. त्याची बायको रत्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जन्मल्यापासून बाळाच्या रक्तातली साखर सारखी खाली जायची, म्हणून चार आठवडे पुण्याच्या दवाखान्यात शिरेतून साखर देऊन त्याला सांभाळलं होतं. आजार फार विरळा. रत्नाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं पोटातल्या बाळाकडे गेली होती आणि त्याची साखर टिकू देत नव्हती. आता घरी दर तीन तासांनी दूध, दुधाआधी टाचेचा थेंब, आणि आकडा साठच्या खाली गेला की लगेच डॉक्टर.

पहिल्यांदा टाच टोचली तेव्हा बाळापेक्षा रत्नाच जास्त रडली. माझा मात्र त्या ऊन ऊन टाचेवर जीव जडला.

बाळाला डब्यातलं दूध वाटी-चमच्याने मिळे. "मला दूद येत न्हाई," असं रत्ना आईला, फुलाबाईला सांगायची. साफ खोटं! मी खिडकीत असायचो, मला दिसे. सगळ्यांची नजर चुकवून ती परसात जाई आणि पिळलेलं दूध जास्वंदीच्या मुळाशी ओती. आईचं दूध पायदळी जाऊ नये, ही त्यांची रीत. परत आली की बाळाकडे अशी बघे, की माझंच काळीज हले.

एका दुपारी गावची आशा सेविका वैष्णवी बाळाचं वजन करायला आली. मी एकसष्ट दाखवलं. बाळ चमचा जिभेने ढकलत होतं, आणि वैष्णवीची नजर रत्नाकडे गेली.

"रत्ना, पदर भिजलाय की गं तुजा!"

रत्नाचा बांध फुटला. "माज्याच रगतानं त्याला बाधलं म्हनं. दूद बी त्येच की! कसं पाजू ताई? लई वाटतं वो, लई वाटतं..."

वैष्णवीने तिथूनच पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "रत्ना, जे गेलं ते पोटात असतानाच वारेतून गेलं. ते आता हळूहळू ओसरेल. दुधात काही दोष नाही. पाज त्याला. साखर मोजणं मात्र सोडू नका."

फोन संपायच्या आत बाळ पदराखाली होतं.

"गुलामा, कसा वडतोय बग!" फुलाबाई हसता हसता डोळे पुसत होती.

तरी सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. एकदा आकडा पंचावन्नवर आला आणि सगळे धावत पुण्याला गेले. मग मात्र आकडे चढत गेले. चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता टोचू नका.

त्या दिवसापासून मी फडताळात आहे. पोर आता चालतं. पायातले वाळे वाजवत फडताळापर्यंत येतं आणि तसंच पुढे पळतं. त्या टाचेसाठी माझा जीव तुटतो, खोटं कशाला बोलू? तरी रत्ना, एवढं ऐक. त्याला माझ्याकडे कधी आणू नकोस.