एकतिसाव्या पानावरची गोदू

मी एक जुनं पुस्तक आहे, आणि माझ्यात एक चूक आहे. मित्रांनो, आपली चूक पहिल्याच वाक्यात कबूल करणारं पुस्तक तुम्ही पाहिलं नसेल. पण मी ती जवळजवळ दोनशे वर्षं पोटात घेऊन फिरतोय, आता लपवून काय करू?

माझा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. तो देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आपल्या मुलांसाठी आपणच पुस्तकं छापायची तिथल्या लोकांना भारी हौस. माझा कागद चिंध्यांचा. हसू नका! जुने सदरे, फाटक्या चादरी, कुणा खलाशाची विजार, असं सगळं भिजवून, कुटून माझी पानं झाली. म्हणून तर ती अजून टणक आहेत. तेव्हा खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, एकेक करून हाताने जुळवायचे आणि मग छापायचं. माझे खिळे जुळवणारा गडी शनिवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत होता. एकतिसाव्या पानावर गणित होतं: एका पिंपात सत्तेचाळीस सफरचंदं, तर छत्तीस पिंपांत किती? उत्तर हवं होतं १६९२. गड्याने सहा आणि नऊची अदलाबदल केली आणि छापलं १९६२. झालं! मी गणिताचं पुस्तक, आणि माझंच गणित चुकलेलं.

चाळीस वर्षं तिकडे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी बर्फाच्या जहाजातून मुंबईला आलो. खरंच सांगतो, त्या काळी अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ भुशात घालून मुंबईला यायचा. त्याच जहाजात एका अमेरिकन बाईंच्या पेटीत मी होतो. बाईंनी गिरगावात मुलींची शाळा काढली. माझ्यातली गणितं बघून त्या मराठीत सांगायच्या आणि मुली पाटीवर सोडवायच्या.

त्यात गोदू नावाची एक दहा वर्षांची पोर होती. तिचं उत्तर आलं १६९२. बाईंनी माझं पान बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

गोदू म्हणाली, "बाई, पुस्तक चुकलंय."

"छापलेलं चुकत नसतं, गोदू."

दुसऱ्या दिवशी पठ्ठी ओच्यात चिंचोके घेऊन आली. जमिनीवर सत्तेचाळीस-सत्तेचाळीसचे ढीग मांडून तिने तीन वेळा मोजलं. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट १९६२ हा आकडा पाटीवर दहा वेळा लिहायला लावला. दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर गोदूने बोरू उचलला आणि माझ्या एकतिसाव्या पानाच्या अगदी कडेला, मोडी अक्षरांत, आपलं म्हणणं लिहून टाकलं. अक्षर अगदी ठाम होतं.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, की अहो, पोर खरं बोलतेय, चूक माझी आहे! पण पुस्तकाला कुठलं आलंय तोंड? त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती. कुणीतरी गोदूचं लिहिलेलं वाचावं, गणित करून बघावं आणि तिला बरोबर म्हणावं. बस्स.

पुढची दीडशे वर्षं पेट्या, फडताळं आणि माळे यांत गेली. ते सांगत बसलो तर तुम्ही पेंगाल. १९८६ साली मी उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमधल्या एका रद्दीच्या गोदामात येऊन पडलो. शेजारी जीन्सच्या कारखान्यांतून आलेल्या चिंध्यांची पोती होती. लोकांना वाटेल, काय ही दशा! मला मात्र माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं.

तिथेच मला श्यामकांत भेटले. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते अधिकारी होते. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. हे गृहस्थ अमेरिकेत अगदी सुरुवातीच्या काळात छापलेली पुस्तकं जमवायचे! अशी नऊ पुस्तकं मिळवायला त्यांना चौदा वर्षं लागली होती. मी दहावा. माझ्या पहिल्या पानावरचं गाव आणि साल वाचून हा जाडजूड माणूस रद्दीवाल्यासमोर चक्क नाचला.

अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या घरी आल्यावर त्यांनी बायकोला, वृंदाताईंना, मला दाखवलं. "कडा बघ, कडा! जुनी पुस्तकं पुन्हा बांधताना सगळे कडा कापतात. याच्या कुणी कापलेल्याच नाहीत. जसं छापलं तसं आहे!"

"म्हणजे वेडंवाकडं असलेलं जास्त चांगलं?" वृंदाताई म्हणाल्या. "आणि मी भाजी जाडी चिरली की कुरकुर कोण करतं?"

मला फार आवडलं ते घर. लोखंडी कपाटात कापूर आणि वेखंडाचा वास. मला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे. एकदा पाहुण्यांनी भजी खाता खाता मला उघडलं, तर श्यामकांतांनी त्यांच्या हातातून मला हिसकावूनच घेतलं. एवढं प्रेम मला फिलाडेल्फियातही मिळालं नव्हतं. पण गोदूच्या अक्षरांकडे बघून ते हळहळायचे. "एवढं पान कुणीतरी गिरगटून ठेवलंय. कंपनीतलं एखादं औषध लावून घालवायला पाहिजे." ते ऐकलं की माझ्या पानापानाला कापरं भरायचं.

आता १९९१ च्या मे महिन्यात काय झालं ते ऐका. श्यामकांतांचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. वृंदाताईंनी मनाशी ठरवलं, यांच्या लाडक्या फाटक्या पुस्तकाला छान लाल कापडी बांधणी करू, वर सोनेरी अक्षरं टाकू, आणि हातात ठेवून चकित करू. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलीची जुनी घेतलेली पुस्तकं त्या दरवर्षी कॅम्प तीनमध्ये बांधायला टाकायच्याच. त्याच पिशवीत मीही गेलो. बिचाऱ्या किती खुशीत होत्या! त्यांच्यावर कसं रागवायचं, तुम्हीच सांगा.

बाइंडर जयदेव शेठ कामाला चोख माणूस. त्याची रीत ठरलेली होती. आधी शिवण, मग सरस, मग कटिंग मशीनखाली घालून तिन्ही कडा सपाट. शिवणीचं काम तुळशीबाईंकडे. त्या बदलापूरजवळच्या एका पाड्यातून रोज यायच्या. त्यांनी माझा एकेक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, सुईने ओवला. एकतिसाव्या पानाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी पान उजेडात धरलं.

"शेठ, याच्या कडेला कुणीतरी लिवलंय. कापलं तर जाईल."

"अरे बाई, स्याही सांडली असेल. ला इकडे."

"कापू नका. ताईंना विचारून घ्या आधी."

"कडा नाही कापल्या तर गिऱ्हाईक काय बोलेल? जयदेवने आधा काम केला! बिना दाढीचा नवरदेव कोण उभा करतो?" असं म्हणत शेठने मला उचललं आणि पात्याखाली ठेवलं. वरचं चाक फिरायला लागलं. मित्रांनो, मी समुद्र ओलांडला, वाळवी पाहिली, पण इतका कधीच घाबरलो नव्हतो. माझ्या बोटभर कागदाचं मला काही नव्हतं. गोदू जाणार होती!

तुळशीबाई उठल्या, त्यांनी मला पात्याखालून ओढून काढलं आणि सरळ मांडीवर घेऊन बसल्या. "ताई येईस्तोवर मी देनार नाय. हवं तर आजचा रोज कापा."

शेठ हिंदीत, सिंधीत, मराठीत, तिन्ही भाषांत ओरडला. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

तिकडे श्यामकांतांनी कपाट उघडलं होतं. माझी जागा रिकामी बघून त्यांनी सगळं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा वृंदाताईंना गुपित फोडावंच लागलं. शेअर रिक्षा करून दोघं धावत आले. "ही बाई एका डागासाठी कडा कापू देत नाही!" शेठने तक्रार केली. श्यामकांतांनी माझ्या कडा बघितल्या आणि तिथल्याच कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले.

"वाचल्या! बाई, तुमचे उपकार कसे फेडू? त्या डागाचं काय, तो मी घालवणारच आहे."

"डाग?" तुळशीबाई म्हणाल्या. "साहेब, ते मोडी हाय. माझ्या सासऱ्याच्या जमिनीच्या कागदावर असंच लिवलेलं होतं."

वृंदाताईंचे डोळे चमकले. "अहो, बाबा मोडी वाचतात की!"

त्यांचे बाबा विष्णुपंत बदलापूरला राहायचे. जमिनीचं दफ्तर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. पुढच्या रविवारी मला तिथे नेलं. तुळशीबाईंनाही आग्रहाने बोलावलं. विष्णुपंतांनी हात धुतले, भिंग घेतलं आणि मोठ्याने वाचलं:

"छापिले ते चुकले. चिंचोके मांडून तीन वेळा केले. सोळाशे ब्याण्णव. बाई ऐकत नाहीत. जो वाचील त्याने करून पाहावे. गोदू."

श्यामकांतांनी गणित वाचून दाखवलं आणि कागद शोधायला लागले. तेवढ्यात तुळशीबाई म्हणाल्या, "सत्तेचाळीसला पन्नास धरा. छत्तीस पन्नास अठराशे. त्यातनं छत्तीस त्रिक एकशे आठ काढा. सोळाशे ब्याण्णव." फर्मे मोजून मोजून त्यांची जीभ तयार होती. "पोर बरोबर हाय की वो!"

श्यामकांतांनी कागदावर दोनदा करून बघितलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "आणि मी हे औषध लावून पुसायला निघालो होतो," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्यावर कुणी श्वास टाकलेला न चालणारा हा माणूस पेन्सिल घेऊन सासऱ्यांना म्हणतो, "बाबा, तिला बरोबर द्या."

"मी कोण? ज्यांनी गणित केलं त्यांनी द्यावं." विष्णुपंतांनी पेन्सिल तुळशीबाईंपुढे धरली.

"मला लिवता नाय येत, आजोबा."

"बरोबरची खूण येते ना?"

बाईंनी पदराला हात पुसले आणि गोदूच्या नावाशेजारी खूण केली. जरा तिरकी झाली. पण दीडशे वर्षांनी का होईना, पोरीला तिचं बरोबर मिळालं! मला इतका आनंद झाला, की पुस्तकाला नाचता आलं असतं तर मी श्यामकांतांना मागे टाकलं असतं.

मित्रांनो, पुस्तकं जपा. ती बांधायला टाकाल तेव्हा आधी पानं चाळा, कडेला कुणी काही लिहिलंय का बघा. आणि एखादी चिमुरडी म्हणाली, की छापलेलं चुकलंय, तर तिला गप्प करू नका, तिच्याबरोबर बसून गणित करा. मी अजून त्याच कपाटात आहे, कडा न कापलेला. आमच्याकडे कुणी आलं, की श्यामकांत माझं पहिलं पान दाखवत नाहीत. आधी हात धुवायला लावतात, आणि मग म्हणतात, "या, तुम्हाला गोदू दाखवतो."