न दुखणारा चट्टा

सोनपेठच्या बाजारात दात बघून बकरीचं वय सांगणारा सटवाजी स्वतःचं तोंड मात्र कुणाला दाखवत नसे. बायकोनं, मनकर्णाबाईनं, बळंच दवाखान्यात नेलं. गालात तंबाखू धरायची तिथंच पांढरा चट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच कापून काढू."

"दुखत न्हाई, तर कापायचं कशाला?"

मनकर्णाबाई खवळली. "बकरीचं दुखणं दिसायच्या आत तिला इकून मोकळं व्हता, अन् सोताच्या गालाला दुखायची वाट बघायलाव व्हय?"

चट्टा काढला, टाके पडले. तपासणीत कळलं, कॅन्सर अजून झालेला नव्हता.

"काईच न्हवतं! फुकट कापलं," सटवाजी गावभर सांगत सुटला.

शेजारणी विचारायला आल्या. मनकर्णाबाई म्हणाली, "बोंबलू द्या. बोंबलायला तोंड तर राहिलं!"