खळीने चिकटवलेला डॉलर

मित्रांनो, मी एक जुनी, मधोमध चिकटवलेली एका डॉलरची नोट आहे. जन्म अमेरिकेतला, पण सारं आयुष्य गेलं झिंबाब्वेत, हरारे शहराच्या म्बारे बाजारात. इथलं स्वतःचं चलन कोसळलं, तेव्हा लोकांनी आम्हाला जवळ केलं. कोरी करकरीत होते तेव्हा माझा काय थाट होता! पण मागाहून नव्या नोटा फारशा आल्याच नाहीत. कुणाच्या बुटात, कुणाच्या पोलक्यात, कुणाच्या सुकटीच्या पिशवीत राहून मी काळीकुट्ट झाले. तरी म्बारेत मला कुणी कधी नाही म्हटलं नाही.

इथे सुट्टे पैसे मिळत नाहीत. बसचा कंडक्टर दोन अनोळखी प्रवाशांत मिळून एक नोट देतो आणि सांगतो, "तुमचं तुम्ही बघा." एकदा अशाच दोघांनी घाईघाईत मला दोन्हीकडून ओढलं आणि माझे दोन तुकडे झाले. हिरमुसले होऊन ते एका टोमॅटोवालीपाशी आले. रुतेंदोची आई म्हणून सगळे तिला माई रुतेंदो म्हणत.

"अरे, नोट आहे ती! कोंबडीची मान आहे का पिरगाळायला?" ती करवादली. पण तिने दोघांनाही अर्धा अर्धा ढीग टोमॅटो दिले आणि मला ठेवून घेतलं.

घरी साद्झाची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीची, खळ करून तिने मला जोडलं. रविवारी रुतेंदोचा शाळेचा गणवेश धुतला, की ती आम्हा नोटांनाही कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवायची आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. त्या गणवेशाशेजारी वाऱ्यावर डुलताना मला फार बरं वाटायचं. पैशाला इतक्या मायेने कोण वागवतं हो?

रुतेंदोला फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं. शेजारच्या झांबियात, लुसाका शहरात, चष्मा स्वस्त पडतो म्हणून माईने तिकडे करायला टाकला होता. परीक्षा तोंडावर आली तशी ती चष्मा आणायला निघाली. परमुलखात आपली लाज निघू नये म्हणून तिने आम्हाला या खेपेस उकळत्या पाण्यात टाकलं, साबणही दुप्पट घातला. बिचारीचं तिथेच चुकलं. आमचा मळ गेला, पण त्याबरोबर रंगही गेला.

लुसाकाच्या दुकानदाराने आम्हाला उजेडात धरलं. "माई, या नोटा आहेत की नोटांची भुतं?"

"खऱ्या आहेत, दादा. मी धुतल्यात."

"पैसे कुणी धुतं का?" तो हसला, पण तिचा चेहरा पाहून ओशाळला. "बँक माझ्याकडून घेणार नाही हो. दुसरे पैसे आणा. संध्याकाळपर्यंत चष्मा बाजूला ठेवतो."

दुसरे पैसे होतेच कुठे? आणि घरी जाऊन परत यायचं तर परीक्षा उलटून गेली असती. माई बसस्टँडवर येऊन मटकन बसली. तिथे हरारेच्या बायका क्रोशाचे टेबलक्लॉथ विकून परतीच्या बसची वाट बघत होत्या. त्यांत म्बारेतलीच ओळखीची माई कुदा होती, जिभेने भलतीच तिखट.

"काय गं, तोंड का उतरलंय?" तिने विचारलं. सगळं ऐकून म्हणाली, "उकळत्या पाण्यात? अगं, नोटा होत्या की बटाटे?"

बायका खो खो हसल्या. माईच्या डोळ्यांतून मात्र टपटप पाणी पडू लागलं, तशी माई कुदाने पोलक्यात हात घातला. तिने झांबियाचे पैसे, क्वाचा, बाहेर काढले.

"आण ते तुझे पांढरेफटक डॉलर. मला हे बदलायचेच होते. आपल्या गावात ओळखतील त्यांना." मग बाकीच्यांकडे वळून ती ओरडली, "बघताय काय? सोडा तुमच्या पैशांच्या गाठी!"

सीमेवर क्वाचा बदलून त्या बायकांना चांगल्या हिरव्यागार नोटा मिळाल्या असत्या. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, तरी एकेकीने हात पुढे केला. शेवटी मी एकटी उरले.

"ही राहू दे," माई मला मुठीत लपवत म्हणाली. "ही फाटकी आहे. तुला फसवल्यासारखं होईल."

"अगं, पण तेवढ्याने चष्मा अडेल ना! दे इकडे. म्बारेत तुझेच टोमॅटो घेईन आणि हीच नोट देईन. तेव्हा नाही म्हणून दाखव!"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या कोरेपणीच्या थाटाची लाज वाटली. तेव्हा लोक माझं कौतुक करायचे, पण माझ्यासाठी कुणी तोटा सोसला नव्हता.

माई धावत गेली. बस सुटण्याआधी चष्मा तिच्या हातात होता.

पुढच्याच आठवड्यात माई कुदा टोमॅटो घ्यायला आली आणि तिने मला ऐटीत पुढे केलं. माईने एक ढीग दिला, मग दुसरा, मग तिसराही तिच्या पिशवीत ओतला. "अगं, पुरे!" माई कुदा ओरडत राहिली.

तुम्ही परदेशी जाल तेव्हा नोटा नीट जपून न्या, त्या दुमडू नका, त्यांच्यावर काही लिहू नका. पण माझ्यासारखी फाटकी नोट पुढे करणारं कुणी भेटलं, तर झटकन हात मागे घेऊ नका. आधी विचारा, "काय अडलंय तुमचं?"