सगळ्यात शुद्ध स्फटिक

ज्या दुपारी मयुरा झाडेला कळलं की आपला शोध चुकीचा होता, त्या दुपारी तिने नेहमीसारखा डबा खाल्ला. कारल्याची भाजी होती. डबा धुऊन पालथा घातला आणि संगणकावरचा आलेख पुन्हा एकदा पाहिला. आलेख तोच होता.

मयुरा रसायनशास्त्राची प्राध्यापक. नागपुरातल्या एका संस्थेत तिची भट्ट्यांची प्रयोगशाळा होती. तिथे ती तांबं आणि जस्त असलेल्या एका संयुगाचे स्फटिक वाढवायची. पूड काचेच्या नळीत बंद करायची, भट्टीत वितळवायची आणि मग इतक्या सावकाश थंड करायची की एका खेपेला महिने जायचे. मधेच वीज गेली आणि जनरेटर उशिरा लागला, की सगळं वाया. नीट जमलं तर साबुदाण्याएवढा एक हिरवा खडा मिळायचा.

त्या खड्याने तिला नाव दिलं होतं. साध्या चुंबकी पदार्थात, खूप थंड केल्यावर, आतले बारके बारके चुंबक ठरावीक दिशांना तोंड करून स्थिर होतात. मयुराच्या खड्यात ते कितीही थंडीत स्थिर होत नव्हते. अशा पदार्थाच्या मागे जगभरची माणसं लागली होती. पुढेमागे क्वांटम संगणकासाठी उपयोगी पडेल, असं म्हणत. मोजमाप सौरव करायचा. तो तिचा एम.एस्सी.चा वर्गमित्र, मूळचा नागपुरातल्या नंदनवनचा, आता बंगळुरूला. दोघांचा निबंध गाजला. मयुराला बढती मिळाली, परदेशातून बोलावणी आली. लग्नाचं राहून गेलं, म्हणजे तिनेच राहू दिलं. भट्टी चालू असताना तिला कुठे जाववत नसे.

स्फटिकात थोडी खोट आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. काही ठिकाणी तांब्याच्या जागी जस्त शिरत होतं. ती खोट काढायला ती आणि तिची विद्यार्थिनी नंदिनी कितीतरी वर्षं झटल्या. यंदा उन्हाळ्यात जमलं. इतका शुद्ध खडा आजवर कोणी वाढवला नव्हता. असे तीन खडे सौरवने मोजले, आलेख धाडला, आणि त्यातले चुंबक कुठल्याही साध्या पदार्थासारखे मुकाट स्थिर झाले. म्हणजे जे काही अजब होतं, ते सगळं त्या खोटीमुळेच होतं.

सौरवचा फोन आला.

"तीन खड्यांवरून काही ठरत नाही वं. आणखी एक पाठव."

"तिन्ही तसेच निघाले ना?"

तो म्हणाला, "आपण असं करू, जुने वेगळे, नवे वेगळे, असं म्हणू. दोन पदार्थ आहेत म्हणू."

"जुने खराब आहेत, सौरव. बाकी काही नाही."

"तू एवढी शांत काहून बोलून राहिली? रड तरी. मले शिव्या तरी दे."

"येत नाही आहे," मयुरा म्हणाली. तिने खरंच प्रयत्न करून पाहिला होता.

त्याच रविवारी तिचा सत्कार होता. तिचा धाकटा भाऊ अमोल, त्याची कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत. त्याने आणि समाजाच्या मंडळींनी नंदनवनातलं सभागृह घेतलं होतं. मयुराने त्याला सगळं सांगितलं.

"ताई, बॅनर लागलं. आमदारसाहेब येऊन राहिले," अमोल म्हणाला. "एवढं सोमवारी नसतं का निघालं?"

"मले बोलायला लावशीन, तर मी हेच सांगीन."

"तर मग बोलू नको. नमस्कार कर आन् बस."

पण निवेदकाला कोणी सांगितलं नव्हतं. शाल, श्रीफळ झाल्यावर त्याने माइक तिच्या हातात दिला. मयुरा म्हणाली, "ज्या शोधासाठी हा सत्कार आहे, तो चुकीचा निघाला. आम्हीच तपासला. निबंध आम्ही मागे घेणार आहोत." मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली. त्याला बहुतेक हा तिचा विनय वाटला असावा. मागून सगळ्यांनी वाजवल्या. आमदारांनी भाषणात, मयुराताईंच्या शोधाने नागपूरचं नाव जगात गेलं, असं सांगितलं. मयुरा खुर्चीवर बसून समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत राहिली. लाज वाटायला हवी होती, असं तिला वाटलं. लाज मात्र वाटली नाही.

सक्करदऱ्याला घरी आल्यावर आईने, मनकर्णाबाईंनी, विचारलं, "खोटं निघालं म्हंजे का वं? तू खोटं बोलली होती?"

"नाही आई. तेव्हा जे दिसलं ते लिहिलं."

"मंग शाल वापस द्या लागन का?"

"नाही."

"बरं झालं. तुह्या मावशीच्या पिंकीच्या सासूले द्याले कामी येईन." आईने शालीची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

निबंध मागे घेण्याच्या पत्रावर सही करायला सौरवने वेळ लावला. शेवटी केली, आणि त्याचे फोन बंद झाले. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. निम्म्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या.

नंदिनी एक दिवस दारातच उभी राहिली. "मॅडम, माझ्या प्रबंधाचं काय?"

"तुझं काम चुकलेलं नाही. खोट कशी काढली, तेच लिही."

"त्याला कोण विचारतंय? मुलाखतीत काय सांगू, मी माझ्या मॅडमचा शोध मोडला म्हणून?"

"हो. तसंच सांग."

नंदिनी रडायला लागली. मयुराने तिला पाणी दिलं, शेजारी बसली. आपल्यालाही आता काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. बादली भरत आली आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

नंदिनीने लिहिलं. रागाने लिहिलं, पण चांगलं लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या हाती शेवटी काहीच लागलं नाही?" नंदिनी म्हणाली, "लागलं ना सर. इतर बऱ्याच प्रयोगशाळा याच जातीच्या संयुगांवर काम करतात. त्यांनाही आता आपले खडे तपासावे लागतील." ती पास झाली. पुढे जर्मनीतल्या एका गटाने तिला बोलावलं, ते याच कामासाठी. त्यांना आपले स्फटिक तिच्या पद्धतीने शुद्ध करून हवे होते.

त्या तोंडी परीक्षेला सौरव न सांगता आला होता. मागच्या बाकावर बसला होता. नंतर तो आणि मयुरा संस्थेच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गेले. सौरवचे केस बरेच पांढरे झाले होते. बराच वेळ दोघं इकडचं तिकडचं बोलले, त्याच्या मुलीच्या बारावीचं, अमोलच्या अडतीचं.

मग तो म्हणाला, "जुने खडे मी अजून ठेवले आहेत."

"फेकून दे."

"तू फेकले?"

"नाही," मयुरा म्हणाली.

सौरव मोठ्याने हसला. टपरीवाल्याने वळून पाहिलं. मयुराला हसू आलं नाही, पण आणखी एक चहा घ्यावासा वाटला. तिने दोन सांगितले.